स्वस्तातला ब्लू-रे प्लेअर घ्यायचाय, पण हे ए-बी-सी रीजनचं काय भानगड आहे?

विश्रामबागकर

मंडळी नमस्कार, जरा मदत पाहिजे. मी सांगलीचा. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, घर बदलताना त्याने त्याच्याकडच्या ब्लू-रे डिस्क (डीव्हीडीसारख्याच, पण पिक्चर जास्त स्पष्ट) मला देऊन टाकल्या, मावशी तिकडून आली तिच्या बॅगेतून आल्या सगळ्या, कपडे कमी आणि डिस्क जास्त अशी बॅग होती. काही अमेरिकेत घेतलेल्या आहेत, काही तो आधी लंडनला होता तेव्हाच्या. माझ्याकडे प्लेअर नाही म्हणून मिरजेच्या मित्राकडे एक पडून होता तो आणला. आता गंमत बघा, अमेरिकेतल्याच काही डिस्क एक नंबर चालल्या आणि काही टाकल्या की स्क्रीनवर मेसेज येतोय की ही डिस्क तुमच्या रीजनमध्ये चालणार नाही. लंडनच्यात पण तेच, एक चालते एक नाही. मला वाटलेलं एकतर सगळ्या चालतील नाहीतर एकही नाही. मित्र म्हणतो लेन्स गेली. पण लेन्स गेली असती तर एवढा व्यवस्थित मेसेज कसा काय आला असता?

बजेट सात-आठ हजार, अगदीच चांगलं काही असेल तर दहापर्यंत ताणीन. गावात दुकानात विचारलं तर काऊंटरवरचा पोरगा म्हणाला ब्लू-रे म्हणजे ब्लूटूथवाला स्पीकर का? त्यामुळे तो मार्ग बंद. भाऊ दिवाळीत येणार आहे, त्याला तिकडूनच आणायला सांगू का? का इथलाच ऑनलाइन घेऊ? का सेकंडहँड?

अजून एक, घरात आजोबांची नाटकांची व्हीसीडी आणि डीव्हीडी भरपूर आहेत, ती पण याच प्लेअरवर चालली तर बरं. हॉलमध्ये ४३ इंची एलईडी आहे, आजोबांच्या खोलीत जुना डबा टीव्ही, पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचा. प्लेअर कधी इकडे कधी तिकडे लावता येईल का हे पण सांगा.


एसटी_स्टँड_समोर

भावा सात हजारात दोन-तीन ओटीटी वर्षभर येतात की. डिस्क कोण बघतंय आता.


साताऱ्याचा_गडी

वरच्या भाऊंना नंतर उत्तर देतो, आधी मुद्द्याचं. तुमच्या मित्राच्या प्लेअरची लेन्स ठणठणीत आहे, त्याला सांगा उगाच उघडून बसू नको.

ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग केलेत. ए म्हणजे अमेरिका कॅनडा, लॅटिन अमेरिका, जपान, कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि सिंगापूर-थायलंड वगैरे आग्नेय आशिया. बी म्हणजे युरोप, आफ्रिका, आखाती देश, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. सी म्हणजे आपण, सोबत पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, चीन, रशिया. प्लेअर ज्या भागात विकायला बनवला त्या भागाचं अक्षर त्याच्यात कंपनीतूनच बसवलेलं असतं. मित्राचा प्लेअर इथं घेतलेला असणार म्हणजे सी.

आता काही चालतात काही नाही हे कसं? तर प्लेअर स्वतःहून काही अडवत नाही. डिस्कवर जो प्रोग्राम असतो तो सुरुवातीलाच प्लेअरला विचारतो बाबा तू कुठला, आणि उत्तर पटलं नाही की तो मेसेज टाकून थांबतो. हे विचारायचं का नाही हे डिस्क काढणाऱ्या कंपनीने ठरवायचं असतं, सक्ती नाही. त्यामुळे बऱ्याच कंपन्या विचारतच नाहीत. वॉर्नर, पॅरामाउंट यांच्या बहुतेक ब्लू-रे जगात कुठंही चालतात. उलट क्रायटेरियन म्हणून जुने, गाजलेले पिक्चर काढणारी अमेरिकन कंपनी आहे, त्यांच्या अमेरिकेतल्या ब्लू-रे पक्क्या ए लॉक असतात, त्यांना परदेशात विकायचे हक्कच नसतात बहुतेक पिक्चरचे. एकाच पिक्चरचं पण असं होतं की अमेरिकेत एका कंपनीने काढला तो खुला आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्या कंपनीने काढला तो बी लॉक. म्हणून डिस्क कुठल्या देशातून आली एवढ्यावर काही ठरत नाही.

तर पहिलं काम प्लेअर शोधायचं नाही. खोका उघडा आणि डिस्कचे तीन ढीग करा. एक, मित्राच्या प्लेअरवर चालल्या त्या. दोन, न चाललेल्या अमेरिकन. तीन, न चाललेल्या लंडनच्या. कव्हरच्या मागे खाली कोपऱ्यात बारीक चिन्ह असतं त्यात ए, बी किंवा सी लिहिलेलं असतं, कधी तिन्ही असतात म्हणजे खुली. पण त्या चिन्हावर शंभर टक्के विसंबू नका, मागे नुसतं ए लिहिलेलं असतं आणि डिस्क आत खुली निघते असं सर्रास होतं. ब्लू-रे डॉट कॉमवर जवळपास प्रत्येक डिस्कच्या पानावर रीजन दिलेला असतो, तिथं बघा, आणि हातात प्लेअर आहेच तर लावूनच बघा, त्याच्यापेक्षा खात्रीचं काही नाही.

ढीग झाले की इथं सांगा. दुसरा ढीग चार डिस्कचा निघाला तर त्याच्यासाठी अमेरिकेतून प्लेअर मागवणं म्हणजे पैसा जास्त झालाय असं होईल.


मिरज_जंक्शन

गड्याने सगळं सांगितलंच, मी फक्त डीव्हीडीचं जोडतो कारण तिथं सगळ्यांचा घोळ होतो. ब्लू-रे प्लेअरमध्ये डीव्हीडी पण चालते पण डीव्हीडीचे रीजन वेगळे, ते आकड्यात. अमेरिका-कॅनडा १, युरोप-जपान-आखात २, आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका ४, भारत-रशिया-बराचसा आफ्रिका ५, चीन ६. आणि ८ नंबर विमानं आणि जहाजांसाठी, खरंच. म्हणजे एका प्लेअरला दोन कुलपं, पुढच्या दाराचं वेगळं मागच्या दाराचं वेगळं. आपल्याकडचा प्लेअर डीव्हीडीला ५ आणि ब्लू-रेला सी.

आणि दोन्हीचे नकाशे जुळत नाहीत. जपान डीव्हीडीला इंग्लंडबरोबर आहे पण ब्लू-रेला अमेरिकेबरोबर. चीन डीव्हीडीला एकटा, ब्लू-रेला आपल्याबरोबर. त्यामुळे कुणी "माझा प्लेअर रीजन फ्री आहे" म्हणून विकत असेल तर त्याला पहिलं विचारायचं, कशाला फ्री, डीव्हीडीला का ब्लू-रेला? दहातले नऊ डीव्हीडीचंच सांगत असतात. डीव्हीडी बऱ्याच मॉडेलमध्ये रिमोटवरून नंबर दाबून खुली करता येते. ब्लू-रेला ती ट्रिक मोजक्याच मॉडेलवर चालते, बाकीच्यात आत वेगळा बोर्ड बसवावा लागतो आणि तसे प्लेअर तुमच्या बजेटच्या बरेच वर जातात.


विश्रामबागकर

बापरे, एवढं डिटेल. धन्यवाद गडी आणि मिरजवाले. ढीग आज रात्री करतो. एक विचारतो, प्लेअरच्या सेटिंगमध्ये कंट्री म्हणून एक ऑप्शन आहे तिथं इंडियाच्या जागी यूएसए केलं तरी तोच मेसेज येतोय. अपडेट मारला तर होईल का?


रिपेअरवाले_काका

नाही होणार. ती कंट्री सेटिंग पॅरेंटल लॉकसाठी असते, मुलांना कुठल्या वयाचं दाखवायचं ते प्रत्येक देशात वेगळं असतं म्हणून. रीजनशी तिचा काही संबंध नाही. ती परत इंडियावर करून ठेव. अपडेटनं पण रीजन बदलत नाही.

पण अपडेट मात्र मार, वेगळ्या कारणासाठी. ब्लू-रेवरच्या कॉपी-बंदीच्या चाव्या कंपन्या अधूनमधून बदलत असतात, त्यामुळे जुना प्लेअर नवीन डिस्कला लोडिंगवरच अडकतो आणि लोक म्हणतात लेन्स गेली. लॅनची वायर लाव नाहीतर कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर बघून फाईल पेनड्राइव्हवर घे. फक्त अपडेट चालू असताना लाईट जायला नको, प्लेअर कायमचा बसू शकतो. आपल्याकडे पावसात दुपारी लाईटीचा भरवसा नाही, इन्व्हर्टरवर लावून कर.

मी इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगमध्ये आयुष्य काढलं त्यामुळे दोन गोष्टी कळकळीनं सांगतो.

पहिली, तिकडून प्लेअर आणणार असशील तर भावाला आधी मागच्या लेबलचा किंवा अडॅप्टरचा फोटो काढून पाठवायला सांग. त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर इथं फक्त पिन बदलून चालेल. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० वर थेट लावलास की धूर. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालतं पण तो घेणं, तो ठेवायला जागा, त्याचं गरम होणं, आणि घरातलं कुणीतरी एक दिवस साफसफाई करताना तो काढून प्लेअर सरळ बोर्डात लावतंच. माझ्या टेबलावर असे मिक्सर, कॉफी मशीन, टेप किती आलेत त्याला हिशोब नाही, आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "आम्ही काहीच नाही केलं, नुसतं लावलं."

दुसरी, आजोबांचा टीव्ही. नवीन ब्लू-रे प्लेअरला मागे पिवळ्या पिनचं भोक नसतंच. व्हिडिओसाठी फक्त एचडीएमआय. कंपनीनं पैसे वाचवले असं वाटतं लोकांना, तसं नाही. ब्लू-रेच्या कॉपी-बंदीचा जो करार आहे त्यात ठरलंय की ३१ डिसेंबर २०१३ नंतर बनणाऱ्या प्लेअरमधून अॅनालॉग वायरीनं पिक्चर बाहेर द्यायचा नाही. त्याच्या आधी दोन-तीन वर्षं पिवळ्या पिनमधून साधा, कमी क्वालिटीचा द्यायला परवानगी होती. म्हणून मिरजेच्या मित्राचा प्लेअर जर बराच जुना असेल तर मागे बघ, पिवळी पिन असेल त्याला. एचडीएमआयचं पिवळी-लाल-पांढरी करणारा डबा बाजारात मिळतो पण तो कधी चालतो, कधी काळा पडदा देतो, पैसे तिथं घालू नकोस.


विश्रामबागकर

काका, मागे बघितलं, नुसतं एचडीएमआय, लॅन आणि एक नारंगी गोल भोक आहे.


रिपेअरवाले_काका

ते नारंगी डिजिटल ऑडिओ, होम थिएटरला. व्हिडिओ त्यातून येत नाही. पिवळ्या पिनसारखंच दिसतं म्हणून लोक त्यात टीव्हीची वायर खुपसतात.

आजोबांच्या खोलीत सध्या काय आहे? डीव्हीडी प्लेअर असेल तर तो काढू नकोस बाबा.


विश्रामबागकर

आहे ना, जुना डीव्हीडी प्लेअर आहे, ट्रे बाहेर यायला कधीकधी वरून चापट मारावी लागते. आजोबा त्यावर संगीत नाटकं लावून बसतात. तरुणपणी भावे नाट्यमंदिरात रात्रभराचे प्रयोग बघितलेला माणूस, त्यांना पिक्चर क्वालिटीचं काही नाही, गाणं नीट ऐकू आलं पाहिजे आणि रिमोटची बटणं मोठी पाहिजेत.


रिपेअरवाले_काका

मग त्यांचा तो संसार मोडू नकोस. व्हीसीडी ब्लू-रे प्लेअरवर चालेलच असं नाही, काही मॉडेलमध्ये सोयच नसते, मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या डिस्कची यादी असते त्यात बघावं लागतं. आणि चालली तरी व्हीसीडीचा पिक्चर ३५२ बाय २८८ एवढासा, तो ४३ इंचीवर ताणला की माणसाचं नाक कुठं आणि पगडी कुठं कळत नाही. डबा टीव्हीवर तेच चांगलं दिसतं.

ट्रेला चापट मारू नकोस, आत रबराचा छोटा पट्टा असतो तो सैल झालाय. कुठल्याही रिपेअरवाल्याकडे टाकून घे. पन्नास-शंभराचं काम.

आणि त्या व्हीसीडी जुन्या झाल्यात तर त्यातली डॅट फाईल कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेव, त्याला लॉक वगैरे काही नसतं. व्हीएलसी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ चालते. डिस्क पापुद्रे सुटून गेली की मग रडून उपयोग नाही.


एसटी_स्टँड_समोर

मी परत विचारतो, राग मानू नका, पण एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा ४के ओटीटी घेतलं तर पिक्चर तोच ना? फरक काय पडतो?


साताऱ्याचा_गडी

पडतो. ओटीटीवाले ४के साठी साधारण १५ एमबीपीएसचं नेट असू द्या म्हणतात, म्हणजे पिक्चर त्याच्या आत बसवलेला असतो. साधी ब्लू-रे, ४के नाही हां, साधी १०८०वाली, तिचा नुसता व्हिडिओच ४० एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. ४के डिस्कला कमाल १२८. अंधारातले सीन, धूर, पाऊस, असल्या जागी ओटीटीवर चौकोन चौकोन दिसतात ते यामुळे. आवाजाचा फरक तर मला पिक्चरपेक्षा जास्त जाणवतो, होम थिएटर असेल तर.

पण क्वालिटी बाजूला ठेवा. मला डिस्क आवडते कारण ती माझ्या कपाटात आहे. ओटीटीवर लिस्टमध्ये ठेवलेला पिक्चर महिन्याभराने बघायला गेलो की गायब, करार संपला म्हणे. आणि साताऱ्यात आमच्याकडे डोंगराच्या बाजूला नेट असं आहे की पावसाळ्यात क्लायमॅक्सलाच गोल गोल फिरायला लागतं.


एसटी_स्टँड_समोर

नेटचं बरोबर आहे. गप्प बसतो.


पलूस_एक्सप्रेस

मी नवीन न घेता गेमिंग कन्सोलचा विचार कर म्हणेन. सेकंडहँड प्लेस्टेशन ३ किंवा ४ (पीएस३, पीएस४) मध्ये ब्लू-रे चालते, तुझ्या बजेटात पीएस३ तरी नक्की बसेल आणि पोरं गेम पण खेळतील. पीएस४ मध्ये ऑडिओ सीडी चालत नाही आणि ४के डिस्क पण नाही हे लक्षात ठेव. पीएस५ मध्ये ४के चालते पण डिस्कची खाच असलेलाच घ्यायचा आणि त्याचं बजेट वेगळंच.

रीजनचं कन्सोललाही तेच. गेमला लॉक नाही म्हणून लोकांना वाटतं पिक्चरलाही नसेल, पण ब्लू-रे पिक्चरला कन्सोल जिथला तिथलाच रीजन लागतो. आणि इथं सेकंडहँडमध्ये फिरणारे बरेच कन्सोल मूळचे दुबई, सिंगापूर, हाँगकाँगवरून आलेले असतात. दुबईचा निघाला तर बी, सिंगापूर-हाँगकाँगचा निघाला तर ए. सांगलीत बसून ए रीजनचा प्लेअर हातात येऊ शकतो असा, अमेरिकेतून आणायची गरज नाही. घेताना मालकाला म्हणायचं थांब, माझी डिस्क लावून बघतो. दुसऱ्या ढिगातली एक डिस्क खिशात घालूनच जायचं.


मिरज_जंक्शन

लॅपटॉपचं कुणी विचारेलच म्हणून आधीच लिहितो. यूएसबीचा ब्लू-रे ड्राइव्ह मिळतो. पण विकतची ब्लू-रे नुसत्या व्हीएलसीत टाकली की चालत नाही, लायसन्सचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. रीजन तिथं सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं आणि पाचच वेळा बदलू देतं. डीव्हीडीचा रीजन तर खुद्द ड्राइव्हमध्येच कोरला जातो, तो पण पाच वेळा, पाचव्याला जो असेल तो कायमचा. टीव्हीवर बघायचं असेल तर या फंदात पडू नका.


गावभागकर

मंडळी थोडं विषयाबाहेर. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी होतं, डिस्कचे दोन खोके खालच्या कपाटात राहिले. पाणी उतरल्यावर सगळा चिखल. कव्हरं गेली सगळी, पण डिस्क स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत वाळवल्या तर बऱ्याच चालल्या. नळाखाली धरून आधी चिखल आपोआप सुटू द्यायचा, हात लावायचा नाही, नाहीतर त्यातल्या वाळूनेच ओरखडे जातात. मग मऊ कापड, मधून बाहेर सरळ रेघेत. गोल गोल पुसायचं नाही. ज्या डिस्क गेल्या त्या डीव्हीडी आणि घरी बर्न केलेल्या सीडी जास्त, ब्लू-रे कमी.


रिपेअरवाले_काका

बरोबर आहे तुमचं. ब्लू-रेचा डेटा लेझर पडतो त्या चकाकत्या बाजूच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीचा ०.६ वर, आत मधोमध. एवढ्या वर असल्यामुळे ब्लू-रेला वरून कडक लेप द्यावाच लागतो, तो साध्या ओरखड्याला दाद देत नाही. पण तो लेप भेदून खोल रेघ गेली तर मग घासून पॉलिश करायची सोय नाही, डीव्हीडीला ती असते.

विश्रामबागकर, तुझे खोके वरच्या फळीवर ठेव रे. विश्रामबाग असलं म्हणून काय झालं, ओल तर येतेच.


विश्रामबागकर

ढीग झाले मंडळी! बायको म्हणाली पत्ते खेळताय का. हिशोब असा:

मित्राच्या प्लेअरवर चालल्या त्या निम्म्याहून जास्त. न चाललेल्या अमेरिकन डिस्क पण चांगल्या वीत-दीडवीत उंच ढीग आहे, आणि त्यातच मला बघायचे ते जुने जपानी पिक्चर. लंडनच्या न चाललेल्या फक्त तीन. आणि चौथा ढीग निघाला, काळ्या डबीतल्या दोन आहेत, त्या डिस्क प्लेअर ओळखतच नाही, रीजनचा मेसेज पण देत नाही. बाकी सगळ्या निळ्या डबीत आहेत.


साताऱ्याचा_गडी

काळी डबी म्हणजे ४के अल्ट्रा एचडी. त्या साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालतच नाहीत, कुठलाही रीजन असो. साधी ब्लू-रे २५ किंवा ५० जीबीची, ही बहुतेक ६६ किंवा १०० जीबीची, तिला प्लेअरच वेगळा लागतो आणि तो तुमच्या बजेटात बसणार नाही. गंमत म्हणजे ४के डिस्कला रीजनच नाही, जगात कुठंही चालते. त्या डब्या उघडून बघा, बऱ्याचदा आत दोन डिस्क असतात, एक ४के आणि एक साधी ब्लू-रे. साधी असेल तर ती लावून बघा, पण ती मात्र लॉक असू शकते.

(जाता जाता, २००६ च्या सुमारास ब्लू-रेच्या विरोधात एचडी डीव्हीडी म्हणून तोशिबाचा दुसरा प्रकार होता, त्याला रीजन लॉकच नव्हता. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने हात टेकले आणि लॉकवाला जिंकला. आपलं नशीब.)

आता तुमचा निर्णय सोपा झाला. इथला नवीन घेऊ नका. तो सी असणार, म्हणजे मित्राच्या प्लेअरवर जे चालतंय तेच त्याच्यावर चालणार, एक डिस्क जास्त नाही. आठ हजार घालून हातात काय आलं मग? तुम्हाला ए पाहिजे. ए वर पहिला ढीगसुद्धा चालेल, कारण सी प्लेअरवर चाललेल्या अमेरिका-लंडनच्या डिस्क म्हणजे बहुतेक खुल्याच. म्हणजे लंडनच्या तीन आणि ४केच्या दोन सोडून सगळं आलं. लंडनच्या खुल्या डिस्कमध्ये एखादी मुलाखत, जाहिरात वगैरे ५० हर्ट्झची (युरोपातल्या टीव्हीच्या पद्धतीची) असेल तर अमेरिकन प्लेअर तेवढा भाग दाखवणार नाही कदाचित, मुख्य पिक्चरला सहसा अडत नाही.


मिरज_जंक्शन

सहमत. फक्त एक, अमेरिकन प्लेअरला डीव्हीडीचा रीजन १ असणार आणि आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी पाल पद्धतीच्या (पाल म्हणजे आपल्या टीव्हीची चित्राची पद्धत, अमेरिकेची वेगळी), अमेरिकेतल्या बऱ्याच प्लेअरना पाल कळतच नाही. म्हणजे आजोबांची नाटकं त्यावर धरू नका. पण काकांनी सांगितलंच आहे, त्यांचा जुना प्लेअर राहू दे.

तीन लंडनच्या डिस्कचं म्हणाल तर दुबईला कुणी ओळखीचं असेल तर त्याला देऊन टाका, तिकडे चालतात.


पलूस_एक्सप्रेस

किंवा माझं ऐक, ए वाला पीएस३ शोध. मिरज-कोल्हापूर पट्ट्यात फिरत असतात. डिस्क खिशात.


विश्रामबागकर

मिरजवाले, दुबईला मेव्हणा आहे, त्याला तीन देतो पाठवून, खूश होईल.

पीएस३ चा विचार केला पण जुन्या कन्सोलचा पंखा गोंगाट करतो म्हणतात आणि रात्री पिक्चर बघायचा तर शेजारी आई-बाबा झोपतात. त्यामुळे भावालाच सांगतो साधा प्लेअर आणायला. आत्ताच मेसेज केला त्याला. त्याने दोन मॉडेलचे फोटो पाठवलेत. एकाचं अडॅप्टर वेगळं आहे, काळं चौकोनी, लॅपटॉपसारखं, त्यावर १००-२४० लिहिलंय. दुसऱ्याची वायर सरळ प्लेअरमधूनच निघते आणि मागे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. पहिला घेऊ ना?


रिपेअरवाले_काका

पहिला. दुसऱ्याकडे बघू पण नकोस. पहिल्याला वरून एक फायदा, पुढंमागं अडॅप्टर उडाला तरी तो एकटाच बदलायचा, प्लेअर उघडायला लागत नाही. अडॅप्टरवर आउटपुट किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते आत्ताच वहीत लिहून ठेव, चार वर्षांनी ती छपाई पुसलेली असते.

आणि सेकंडहँड घेत असेल तर रिमोट सोबत आहे का विचार. ब्लू-रे प्लेअरच्या अंगावर ट्रे आणि पॉवर एवढीच बटणं असतात बऱ्याचदा, रिमोटशिवाय डिस्कचा मेनूच ओलांडता येत नाही.


विश्रामबागकर

विचारतो. नवीनच घेतोय बहुतेक. वॉरंटी इथं चालेल का?


मिरज_जंक्शन

तिकडची इथं सहसा धरत नाहीत. भावाला म्हणावं तिकडेच आठवडाभर चालवून बघ, सगळ्या प्रकारची एकेक डिस्क लावून, आणि मगच बॅगेत भर. बिघडला तर तिथंच बदलून मिळेल.


विश्रामबागकर

त्याच्या सगळ्या डिस्क तर माझ्याकडे आल्यात 😄


मिरज_जंक्शन

मग तिथल्या लायब्ररीतून आणायला सांगा, अमेरिकेत पब्लिक लायब्ररीत ब्लू-रे मिळतात फुकट.


रिपेअरवाले_काका

आणि ट्रे उघडून, डिस्क काढून मग पॅक करायला सांग. आत डिस्क ठेवून विमानात टाकलेले प्लेअर मी बघितलेत.